चेक लाइट लागलाय, सेन्सर कुठला घेऊ?

प्रश्न: मी ऐरोलीत राहते, नोकरी ठाण्यात, नौपाड्याला. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालेत. गणपतीनंतर चेक लाइट लागला तो जातच नाही. अ‍ॅव्हरेज १५ वरून १२ वर आलंय आणि सकाळी सिग्नलला गाडी जरा गुरगुरते. घणसोलीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, कागदावर ‘पी०१३५’ लिहून दिलं आणि ऑक्सिजन सेन्सर उडालाय म्हणाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ६,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. मेकॅनिक म्हणतो, “ताई, बाहेरचा २,४०० मध्ये बसवतो, सेम टू सेम.” ऑनलाइन ९५० लाही दिसतो. सासरे म्हणतात, ओरिजिनलच टाक. मिस्टर म्हणतात, दहा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला? पुढच्या महिन्यात पीयूसीही संपतेय. काय करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, मेकॅनिकने दिलेला तो कागद पुन्हा एकदा बघा. पी०१३५ हा कोड सेन्सर मेला असं सांगत नाही. पुढच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये करंट हवा तसा जात नाहीये, एवढंच तो सांगतो. करंट न जायला कारणं बरीच असतात. हीटर जळला असेल, फ्यूज उडाला असेल, वायर तुटली असेल किंवा कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी शिरून गंज चढला असेल. नवा सेन्सर लागतो तो यातल्या पहिल्या कारणाला. बाकी ठिकाणी ६,८०० चा लावा नाहीतर ९५० चा, लाइट दुसऱ्या दिवशी परत हजर. तेव्हा कुठला घ्यायचा त्याआधी, मुळात घ्यायचा का ते बघू.

हा पुढचा सेन्सर इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या वाटेवर, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असतो. आत झिर्कोनियाच्या सिरॅमिकची छोटी टोपी, तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, त्यानुसार सेन्सर स्वतःच बारीकसा व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं की ०.१ च्या. हे बघून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा हा हिशेब सांभाळत. पण हे सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडी चालू झाल्याबरोबर ते तापावं म्हणून आत हीटर दिलेला असतो.

आता तुमचा रोजचा रस्ता बघा. ऐरोलीहून निघायचं, विटाव्याला रांगेत लागायचं, मग कळवा नाक्याला रखडायचं. अशा रांगण्यात सायलेन्सरची वाट नीट तापतच नाही. हीटर चालू असता तर बिघडलं नसतं. तो बंद असल्यामुळे सेन्सर थंड पडतो, सिग्नल देत नाही आणि ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो. अंदाज बहुधा जास्तीकडेच झुकतो. गुरगुर आणि अ‍ॅव्हरेज या दोन्ही तक्रारी त्यात बसतात. म्हणजे मेकॅनिकने रोग बरोबर पकडलाय, औषधाकडे मात्र जरा घाईने गेलाय.

अ‍ॅव्हरेजचं खापर सगळं सेन्सरवर फोडू नका मात्र. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ई-२० च्या लिटरमध्ये साध्या पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. १५ चं १४ झालं तर ते पेट्रोलवर ढकलता येईल. १२ झालं ते ढकलता येत नाही. सेन्सर बदलल्यावर १५ परत मिळालं नाही, १४ वर थांबलं, तर मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका.

तपासणी अर्ध्या तासाच्या आतली आहे आणि घणसोलीतला तुमचा माणूस ती करू शकतो. आधी फ्यूज बघायचा. मग कपलर काढून, इंजिन चालू ठेवून, गाडीकडून येणाऱ्या हीटरच्या वायरला बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट येतात का ते बघायचं. शेवटी इंजिन गार झाल्यावर सेन्सरकडच्या दोन हीटर वायरींमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजायचे. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतात त्या हीटरच्या. बॉशमध्ये बहुधा पांढऱ्या, डेन्सोमध्ये बहुधा काळ्या. मॉडेलनुसार साधारण ३ ते १५ ओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही, सर्किट तुटलेलं निघालं, तर हीटर खरंच गेला आणि सेन्सर बदलावा लागेल. आकडा ठीक आला तर सेन्सरला हात लावू नका, वायरीच्या मागे लागा.

हे इतकं फोड करून सांगतोय कारण आपल्याकडचा उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः खाडीच्या बाजूला किंवा नाल्याशेजारी, रात्रभर उभ्या गाडीच्या ऊबेला उंदीर बॉनेटखाली शिरतो आणि वायरीचं कव्हर कुरतडतो. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात अशीच पी०१३५ ची गाडी पाहिली होती. दुसऱ्या एका ठिकाणी तिला नवाकोरा सेन्सर लावून दिला होता आणि लाइट परत आला होता. हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची काळी नळी चिरून बघितली तर इंचभर वायर उघडी पडलेली, तांब्याचा हिरवा गंज धरलेला. ती बॉडीला टेकली की फ्यूज उडायचा. वायरचा एक तुकडा आणि एक फ्यूज, एवढ्यावर काम झालं. आणि हो, या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं असताना गाडी घातली होतीत का? घातली असेल तर कपलर उघडून आतल्या पिना नक्की बघायला सांगा. गणपतीनंतरच लाइट लागला म्हणता, म्हणून विचारलं.

समजा हीटरच गेलाय. आता सासरे आणि मिस्टर यांच्यातला वाद.

गाडी बनवणारी कंपनी हा सेन्सर स्वतः सहसा बनवत नाही, बाहेरून घेते. बॉशने तो १९७६ मध्ये आणला, पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांमध्ये. आज बॉश, डेन्सो आणि एनटीके ही या धंद्यातली मोठी नावं. एनटीके म्हणजे ज्यांचे एनजीके स्पार्क प्लग आपण वापरतो तेच लोक. तुमच्या गाडीत फॅक्टरीतून आलेला सेन्सर यांच्यापैकीच कुणाचा तरी असण्याची शक्यता दाट आहे. गाडीच्या कंपनीच्या डब्यात तो घेतला की एक किंमत, सेन्सर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात घेतला की दुसरी, बरीच कमी. तिसरा प्रकार म्हणजे ज्याच्या डब्यावर मोटारीचं चित्र आणि ‘हाय क्वालिटी’ सोडून काही नाही. सासरे पहिल्याबद्दल बोलताहेत, ऑनलाइन ९५० वाला तिसरा आहे, आणि मेकॅनिकचा २,४०० वाला दुसऱ्यातला की तिसऱ्यातला हे तुम्हाला त्याला विचारावं लागेल. “सेम टू सेम” हे त्याचं उत्तर झालं नाही.

विचारायचं कसं? जुना सेन्सर काढल्यावर त्याच्या षटकोनी धातूच्या भागावर किंवा वायरीवरच्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. बॉशच्या नंबरची सुरुवात ० २५८ अशी असते. डेन्सोच्या सुट्या डब्यावर डीओएक्सने सुरू होणारा नंबर असतो, एनटीकेचा बहुधा ओझेडएने. फोटो काढून घ्या. मग गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन घालून त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये जुळणारा नंबर शोधता येतो. तोच, किंवा त्याच कंपनीने त्याला दिलेला बदली नंबर आणा, एवढंच मेकॅनिकला सांगा. “वॅगनारचा बसतो याला” किंवा “आटे सेम आहेत” यावर जाऊ नका. बहुतेक सगळ्या सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे बसतो तर कुठलाही कुठेही. आतला हीटर, वायरींचा क्रम आणि सिग्नलची जात वेगळी असू शकते. काही गाड्यांना पुढच्या बाजूला साध्या सेन्सरऐवजी हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर असतो, त्याच्या जागी साधा लावला तर गाडी कधीच नीट चालणार नाही.

त्या ९५० वाल्यात पैसे कुठे वाचवलेले असतात, हे डोळ्यांनी दिसत नाही. प्लॅटिनमचा थर पातळ, त्याच्यावरचं सच्छिद्र संरक्षक लेपण कच्चं, हीटर कमजोर, वायरीचं कव्हर उष्णतेला न टिकणारं. असा सेन्सर पहिल्या दिवशी लाइट घालवतो, कारण हीटरचं सर्किट पूर्ण झालेलं असतं. मग काही महिन्यांनी तो आळसावतो, ०.१ वरून ०.९ वर जायला वेळ लावतो, आणि पी०१३३ येतो, म्हणजे प्रतिसाद मंद. तोवर बिलावरची ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आपलं काम करून गेलेली असते. आणि लाइट नसताना मंद सेन्सरवर गाडी चालत राहिली तर जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टरची किंमत विचारून बघा, मग ६,८०० स्वस्त वाटतील.

ऑनलाइनवर ‘युनिव्हर्सल’ म्हणून जो मिळतो त्याला कपलर नसतो. जुन्याचा कपलर कापून वायरी जोडायच्या असतात. नामांकित कंपन्यांचाही युनिव्हर्सल सेन्सर असतो आणि त्याच्यासोबत जोडणीचं किटही येतं, पण आपल्याकडे ती जोडणी बहुधा सोल्डर मारून आणि वर काळी टेप गुंडाळून होते. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतल्या बारीक फटींतून घेतात. सोल्डरने ती वाट बुजते आणि सेन्सर खोटं बोलायला लागतो. कपलरसकट मिळत असताना या फंदात पडू नये असं माझं मत.

आता दुसऱ्या प्रकारातली खरी भीती: नावाजलेल्या कंपनीचा डबा आणि आत भलताच माल. वाशीच्या मार्केटमध्ये ‘देवगड’ छापलेल्या पेटीतून काय काय निघतं ते तुम्हाला मी सांगायला नको, स्पेअर पार्टमध्येही तीच तऱ्हा. डब्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि माल बाहेरून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असायला हवा, कायद्यानेच तो लागतो. सेन्सरवरचा नंबर स्पष्ट हवा, आणि तो डब्यावरच्या नंबराशी जुळायला हवा. टोकावर प्लॅस्टिकची टोपी असते, आट्यांवर बहुधा आधीच राखाडी किंवा तांबूस पेस्ट लावलेली असते. आणि पक्कं बिल, जीएसटी नंबरासकट, वर पार्ट नंबर लिहिलेला. मेकॅनिक “ऑपेरा हाऊसहून आणतो” म्हणाला तर त्यात वावगं काही नाही, मुंबईतल्या स्पेअर पार्टचा मोठा बाजार तिथेच आहे. पण बिलही तिथलंच आणायला सांगा. बिल द्यायला कां-कूं करत असेल तर तो २,४०० वाला माझ्या लेखी तिसऱ्याच प्रकारातला.

भंगारातून किंवा अपघाती गाडीतून काढलेला सेन्सर कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा. हा झिजणारा पार्ट आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझं उत्तर असं: हीटर खरंच गेला असेल, जुन्यावरचं नाव-नंबर जुळत असेल आणि पक्कं बिल मिळत असेल, तर सेन्सर बनवणाऱ्याच्याच डब्यातला घ्या. सासऱ्यांना जुन्या सेन्सरवर कोरलेलं नाव दाखवा आणि नव्यावरचंही. जो फॅक्टरीत बसला होता तोच हा, असं कळलं की बहुधा त्यांची तक्रार राहणार नाही. यातली एखादी जरी गोष्ट जमत नसेल, नंबर मिळत नसेल किंवा दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर गुपचूप कंपनीचा घ्या. पण ६,८०० चं एस्टिमेट फोडून मागा: पार्ट किती, मजुरी किती, आणि ‘थ्रॉटल क्लीनिंग’, ‘इंजेक्टर ट्रीटमेंट’ असलं काही मध्येच घुसवलंय का. कंपनीच्या पार्ट काउंटरवरून नुसता सेन्सर एमआरपीने विकत घेता येतो आणि घणसोलीतच बसवता येतो. गाडी वॉरंटीत असती तर कंपनीशिवाय दुसरीकडे जाऊच नका म्हणालो असतो. दहा वर्षांच्या गाडीला तो प्रश्न नाही.

कोड पी०१४१ असता, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचा हीटर, तर मी एवढा काटेकोर राहिलो नसतो. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवायला असतो, पेट्रोलचा हिशेब पुढच्याच्या भरवशावर चालतो. पैसे पुढच्यावर घाला. “एक गेलाय तर दोन्ही बदलून टाकू” असं कुणी म्हणालं तर मागच्याचा कोड दाखव म्हणा.

अजून एक गोष्ट खटकते. हीटर असलेला सेन्सर लाख, सव्वा-दीड लाख किलोमीटर चालावा अशी अपेक्षा असते, तुमचा ७८ हजारांत गेला. हीटर कधीकधी असाच जातो, त्याला कारण लागत नाही. तरी जुना सेन्सर काढल्यावर त्याचं टोक उजेडात धरून बघा. काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, हीटर बंद असल्याने ते होणारच. पांढरट पूड बसलेली असेल तर कूलंट आत जळतोय, किंवा इंजिनाच्या कामात कुणीतरी भलतं सिलिकॉन चोपडलंय. तपकिरी, चिकट थर असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरं किंवा ऑइलचं निघालं तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल, मग तो कुणाच्याही डब्यातला असो.

बसवताना तुम्ही शेजारी उभं राहिलात तर बरं. इंजिन कोमट असताना, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून, सेन्सरसाठीच्या २२ मिलिमीटरच्या खाचेच्या सॉकेटने तो काढायचा. साध्या पान्याने आणि हातोडीने काढायला गेलं तर मॅनिफोल्डचे (धुराच्या नळीचे) आटे जातात आणि तो खर्च वेगळा. नव्याला पेस्ट आधीच लावलेली असेल तर आणखी लावायची नाही, नसेल तर फक्त आट्यांना, टोकाला चुकूनही नाही. कपलरमध्ये स्प्रे किंवा ग्रीस नको. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर लावू देऊ नका, वरून धडधाकट दिसला तरी आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. आणि लावण्याआधी नव्याच्या हीटरचेही ओहम मोजून घ्या. दुकानात परत द्यायचा तर तो न लावलेलाच असायला हवा.

मग कोड पुसून चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. मेकॅनिककडे लाइव्ह डेटा दिसणारा स्कॅनर असेल तर गरम इंजिनवर, दोन-अडीच हजार आरपीएमला पुढच्या सेन्सरचा आकडा बघा. साधा सेन्सर असेल तर तो ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सारखा वर-खाली पळताना दिसेल. मागचा ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरबद्दल मला वेगळं पत्र लिहा. आणि तोवर कुणी “कॅट (म्हणजे कन्व्हर्टर) काढून टाकतो, पिकअप वाढेल, पैसेही घेत नाही” असं म्हणालं तर ऐकू नका. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमला भंगारात चांगला भाव आहे, फुकट काढून देण्यामागचं गणित ते.

राहिली पीयूसी. पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे काम त्याआधी उरकून घ्या. गाडी बीएस-४ असेल, आणि २०१५ ची तुमच्या भागातली बहुधा असेलच, तर आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात, आणि वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये. हीटर बंद आणि पेट्रोल जास्त अशा अवस्थेत यातला पहिला आकडाच अडकण्याची शक्यता जास्त. नवा सेन्सर लागल्यावर ऑफिसहून परत येताना, इंजिन चांगलं तापलेलं असताना केंद्रावर जा. सकाळी गार गाडी घेऊन जाऊ नका.